हात लावण्यापूर्वी : वाहनजतनाच्या अभ्यासाला प्रस्तावना

२०२३चा ऑक्टोबर संपता संपता मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. शहरात टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे, ती भरली. त्या दिवसांत काळ्यापिवळ्या गाडीवर पुष्कळ लिहिले गेले, मनापासून लिहिले गेले. पण ते बहुतेक प्रवाशाच्या आसनावरून लिहिलेले होते. या गाडीचा पत्रा आधी कुठे सडतो, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर सैल पडला की काय बदलायचे, कोणता भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्यात मिळेल आणि कोणता लेथवर करून घ्यावा लागेल, हे ज्यांना ठाऊक होते त्यांनी ते कधी कागदावर उतरवले नाही. ते ज्ञान अजून बरेचसे जिवंत आहे. ते लिहून काढायला, पारखून घ्यायला आणि पुढे न्यायला माणसे हवी आहेत, आणि ही प्रस्तावना त्या माणसांसाठी आहे.

या विषयाला वाहनजतन म्हणू. त्यात रोजची निगा येते, मिस्त्रीचे कसब येते, रंगाचे आणि गंजाचे रसायन येते, कारखान्यांचा इतिहास येतो, मोटार वाहन कायदाही येतो. इथे येण्याच्या वाटा निरनिराळ्या आहेत. कुणाच्या अंगणात आजोबांची फियाट ताडपत्रीखाली उभी असते. कुणी लिलावात लष्करातून बाद झालेली जीप घेतलेली असते. कुणाच्या नव्या गाडीवर पहिला ओरखडा पडलेला असतो, आणि तो कसा घालवायचा हे शोधता शोधता तो माणूस या विषयात गुंतत जातो. सगळ्यांचे मनापासून स्वागत आहे. अपेक्षा एकच, की गाडीला हात लावण्यापूर्वी ती वाचायला शिकावे. कारण निगेच्या नावाखाली होणारे जवळजवळ प्रत्येक काम गाडीतून काही ना काही काढून घेते. घासले की रंग जातो, उघडले की जुना गॅस्केट जातो, बदलले की मूळ भाग भंगारात जातो. काय काढायचे नाही हे ज्याला ओळखता येते, त्याच्याच हाती गाडी टिकते.

ही दृष्टी जगभर हळूहळू रुजत गेली. ऐतिहासिक वाहनांच्या क्लबांची फिव्हा ही आंतरराष्ट्रीय संघटना १९६६ साली स्थापन झाली. तिने २०१३ मध्ये ट्युरिन सनद स्वीकारली. स्मारकांच्या जतनासाठी १९६४ साली झालेली व्हेनिस सनद तिच्या मुळाशी आहे. वास्तूंसाठी घडलेला विचार वाहनांना लावताना एक अडचण उभी राहिली ती अशी, की वाडा जागच्या जागी राहतो, पण गाडी चालली नाही तर तिचे गाडीपण उरत नाही. म्हणून वाहन वापरात ठेवणे हा जतनाचाच भाग आहे असे सनदेने मानले. शक्य तितके मूळ द्रव्य राखावे, बदललेला भाग ओळखू यावा आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी, ही तिची मुख्य सूत्रे. ती समजायला सोपी आहेत, पण आपल्याकडच्या गाड्यांना लावू लागलो की कस लागतो.

पद्मिनीच घ्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या डॉज-प्लिमथ गाड्या जोडल्या गेल्या, मग फियाटच्या. फियाट ११००चे पुढे प्रीमियर पद्मिनी झाले. इंजिन १०८९ सीसीचे, रचना साधी, जाणत्या मिस्त्रीला रस्त्याच्या कडेला उघडता येईल अशी. पण एक गोष्ट नवशिक्याच्या ध्यानात येत नाही. या गाडीला वेगळी चेसिस नाही. पत्र्याचा सांगाडा हीच तिची चेसिस. दाराखालची पोकळ पट्टी, जिला गॅरेजमध्ये सिल म्हणतात, ती आतून कुजली तर गाडीचा कणाच खिळखिळा होतो. वरून लांबी भरून, पॉलिश पेपर मारून, ड्युको मारला की ती पट्टी नवीकोरी दिसते. मग पुढचे दार उघडताना मागे थोडे घासते, किंवा जॅक लावल्यावर दार बंदच होत नाही, तेव्हा खरी गोष्ट कळते.

महिंद्राच्या जीपचे उलट आहे. मुंबईत १९४७ पासून विलीज जीप जोडली जाऊ लागली. पुढच्या दशकांत तिच्यात पेट्रोलचे हरिकेन इंजिन आले, ट्रॅक्टरकुळातले डिझेल आले, पेजोच्या आराखड्याचे २११२ सीसीचे डिझेल आले. खाली शिडीसारखी स्वतंत्र चेसिस असल्याने वरचा टब सडला तर तो उचलून दुसरा बसवता येतो, आणि गावोगावी तो बसवलाही गेला. त्यामुळे आज समोर आलेली जीप बहुधा तीन-चार काळांची मिळून झालेली असते. तिच्यात मूळ कोणते हा प्रश्न अवघड आहे, आणि माझ्या मते तो सोडवायची घाई करू नये. शेतावर पाणी ओढण्यासाठी जिच्यात डिझेल इंजिन घातले गेले, तिचे ते इंजिनही इतिहासच आहे.

ट्रकपाशी तर सनदेचे सूत्रच अपुरे पडते. टेल्कोने १९५४ पासून डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवले. कारखान्यातून पुष्कळदा काऊल आणि चेसिस एवढेच बाहेर पडे. लाकडाची, पत्र्याची बॉडी बांधणारे कारागीर वेगळे, रंगवणारा पेंटर वेगळा. दर काही वर्षांनी मोरपंखी, लाल, पिवळा रंग नव्याने चढायचा, फाळक्यावरची अक्षरे नव्याने लिहिली जायची. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला मनाई केली, तेव्हा मागच्या फाळक्यावरचा तो मजकूर खरवडावा लागला. अशा गाडीचा मूळ रंग कोणता? सतत नवे करणे हीच ट्रकची परंपरा आहे. त्यामुळे एखादा पन्नास वर्षांचा ट्रक कारखान्यातून निघाला तसा करून दाखवणे मला खोटेपणाचे वाटते. त्याने तो काळ कारखान्यात काढलेला नाही. या मुद्द्यावर अभ्यासकांत मतभेद होतील, आणि व्हायला हवेत.

आता रंगाकडे वळतो. इथे थोडे रेंगाळायला हवे, कारण हौशी माणसाचे हात सर्वांत आधी रंगावरच जातात. आजच्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन रंग असतो. त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, सुमारे ४० ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस बहुधा याहून जाड भरेल. उन्हापासून खालच्या रंगाचे रक्षण हाच थर करतो. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात, आणि वाळूतल्या क्वार्ट्झचा कठीणपणा मोह्ज मापनपट्टीवर ७ आहे. चाकूच्या पात्याचा त्याहून कमी भरतो. सोसायटीच्या आवारात पहाटे एका बादलीत, एकाच फडक्याने ओळीने दहा गाड्या पुसल्या जातात, तेव्हा पहिल्या गाडीची वाळू दहाव्या गाडीवर फिरते.

त्याचा परिणाम पाहायचा असेल तर गडद रंगाची गाडी उन्हात उभी करून बॉनेटवरच्या सूर्याच्या प्रतिबिंबाकडे पाहावे. त्याभोवती बारीक वर्तुळाकार रेघा दिसतात. पुसणाऱ्याने हात गोल फिरवला म्हणून त्या तशा पडल्या असे सगळे समजतात. प्रत्यक्षात ओरखडे चारही दिशांना असतात. त्यांतले जे प्रकाशाला आडवे पडतात तेवढेच चमकतात, आणि ते मिळून प्रतिबिंबाभोवती वर्तुळ दिसते. तुम्ही जागा बदललीत की वर्तुळही तुमच्याबरोबर सरकते. ही एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली की पुढचे नियम आपोआप पटतात. आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्यात, एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत हातमोजा खळबळण्याचे. वरून खाली यावे, चाके आणि खालचा भाग शेवटी. बोअरचे जड पाणी उन्हात वाळू देऊ नये, त्यातल्या कॅल्शियमचे पांढरे डाग बसतात आणि मग ते काढायला पुन्हा घासावे लागते. पक्ष्यांची विष्ठा दिसली की लगेच ओली करून उचलावी. पॉलिश हा शेवटचा उपाय. त्यातले अपघर्षक कण ओरखड्याच्या कडा उतरवतात, म्हणजे थर तेवढा पातळ होतो. ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरचे कार्नौबा मेण असो की सिलिकॉन डायऑक्साइडचे सिरॅमिक कोटिंग, ते वरून संरक्षण देते. गेलेला रंग परत आणत नाही. जुन्या गाड्यांवर तर क्लिअर कोटच नसतो. पॉलिशच्या कापडावर गाडीचाच रंग उतरतो. कापड पाहत राहावे आणि योग्य वेळी थांबावे.

रंग वाचताही येतो. दाराच्या बिजागरीच्या मागे, डॅशबोर्डच्या आतल्या कडेला, बूटच्या रबराखाली फवारा नीट पोहोचत नाही, त्यामुळे जुना थर तिथे तग धरून असतो. बिजागरीच्या बोल्टवरचा रंग तडकलेला असेल तर दार कधीतरी उतरवले गेले आहे. कापडात गुंडाळलेला लहानसा लोहचुंबक पत्र्यावरून फिरवला आणि मध्येच त्याची पकड सुटली, तर त्या जागी लांबीचा जाड थर आहे. विकणारा काहीही सांगो, हे पुरावे आपली साक्ष बदलत नाहीत.

गंजाला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, आणि मीठ असले की काम झपाट्याने होते. म्हणून अलिबाग-रत्नागिरीकडची गाडी आणि सोलापूरची गाडी एकाच वयाची असली तरी एकाच तब्येतीची नसते. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे असतात. काचेच्या फटीतून आत उतरलेले पावसाचे पाणी तिथून बाहेर पडते. माती, सुकी पाने, वर मारलेला रंग यांनी ती बुजली की दार आतल्या आत भरून राहते. पावसाळ्याआधी बारीक तार घालून ती मोकळी करणे हे सगळ्या महागड्या रसायनांपेक्षा मोलाचे काम आहे. प्लास्टिकची ताडपत्री गाडीवर घट्ट बांधून ठेवणारे लोक गाडीची काळजी करतात आणि ओल मात्र कोंडतात. हवा खेळेल असे कापड घालावे. गंज स्थिर करणाऱ्या अनेक द्रवांत टॅनिक आम्ल असते. आपल्या सह्याद्रीतल्या हिरड्यात टॅनिन भरपूर, आणि हिरडा व लोखंड यांपासून काळी शाई करण्याची रीत देशात जुनी आहे. हिरड्याचा काढा पत्र्यावर कितपत चालेल, हे एखाद्या रसायनाच्या विद्यार्थ्याने प्रयोग करून पाहावे असे मला फार वाटते.

यंत्राबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर माहिती मिळते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, म्हणून गाडी चालली नाही तरी ते ठरावीक काळाने बदलावे; रंगावर सांडले तर तत्काळ पाण्याने धुवावे. टायरच्या कुशीवरच्या चार आकड्यांत तो कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते लिहिलेले असते. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारे होते. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातले बरेच आपल्याच उसाच्या पट्ट्यातून येते, पण जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीतले रबरी पाइप त्यासाठी घडवलेले नव्हते. इथेनॉलही ओल ओढते. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीकडे आणि पाइपांकडे म्हणूनच लक्ष हवे.

कायद्याची माहिती टाळू नये. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणाला येते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कारखान्याच्या मूळ तपशिलात फेरफार करायला आळा घालते. २०२१ साली केंद्राने ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी आणली. अशा वेळी चेसिस नंबर हाच गाडीचा जन्मदाखला ठरतो. पेन्सिल घासून त्याचा छाप कागदावर घेतात. त्या पट्टीवर जाड रंग मारणारा किंवा ग्राइंडर फिरवणारा हौशी मालक गाडीची ओळखच पुसतो.

करण्यासारखे काम डोंगराएवढे आहे. पुण्याच्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानदारांना कोणता भाग कोणत्या गाडीला परस्पर चालतो हे तोंडपाठ असते. ते कुणीतरी तक्त्यात उतरवायला हवे. दसऱ्याला पाने-पकडींची पूजा होते तेव्हा गॅरेजमध्ये जा. त्या दिवशी हत्यारे धुऊनपुसून मांडलेली असतात, त्यांत मिस्त्रीने स्वतः घडवलेले पुलर आणि वाकवलेले पाने दिसतील. परवानगी घेऊन त्यांची चित्रे काढा, कोणत्या कामासाठी कोणते ते विचारा. पेंटरांकडून जुन्या रंगांची मिश्रणे लिहून घ्या. कोकणातल्या आणि देशावरच्या एकाच मॉडेलच्या गाड्या शेजारी ठेवून गंजाचे नकाशे काढा.

सुरुवातीला जुनी गाडी असलीच पाहिजे असे नाही. दारात उभी आहे ती चालेल. येत्या रविवारी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, दारांच्या खालच्या कडेची छिद्रे शोधा, टायरचे आकडे वाचा, बिजागरीमागचा रंग पाहा, चेसिस नंबर कुठे आहे ते शोधा. एक साधी वही करा. तारीख, किलोमीटर, काय दिसले, काय केले, कोणता भाग काढला आणि तो कुठे ठेवला, एवढे रकाने पुरतात. एखादा डाग किंवा गंजाचा ठिपका मुद्दाम तसाच ठेवला असेल तर तोही लिहा, आणि शेजारी त्याचे मोजमाप द्या. सहा महिन्यांनी ते पुन्हा घ्यायचे आहे.