दुर्मीळतेचे गृहीतक आणि स्पर्धेचा निकाल : 'मॅजिक : द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाचा इतिहास (१९९३–२००५)

प्रस्तावना

पत्त्यांच्या बहुतेक पारंपरिक खेळांत कॅट एकच असतो आणि तो सर्व खेळाडूंचा सामाईक असतो. बावन्न पाने पिसून वाटली जातात. कोणाच्या हाती काय येईल हे दैवाधीन असते. आलेल्या पानांचा उपयोग कसा करावा हा कौशल्याचा भाग. ऑगस्ट १९९३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'मॅजिक : द गॅदरिंग' या खेळाने ही सामाईकता मोडली. येथे प्रत्येक खेळाडू स्वतः विकत घेतलेल्या व देवाणघेवाणीतून मिळवलेल्या पत्त्यांतून आपला स्वतंत्र कॅट रचून आणतो. त्याला 'डेक' म्हणतात. साहजिकच खेळाचा मोठा भाग पहिले पान उचलण्यापूर्वीच, डेक रचतानाच, खेळला गेलेला असतो.

या व्यवस्थेत पत्त्याला दुहेरी अस्तित्व प्राप्त झाले. तो खेळातील सोंगटी होता, तशीच ती विकत घेणाऱ्याची मालमत्ताही होती. सोंगटी म्हणून तो सर्वांना समान संधीने उपलब्ध असावा, हे न्यायाला धरून आहे; मालमत्ता म्हणून तो थोड्यांकडेच असावा, हे त्याच्या मोलाला धरून आहे. पत्त्याची दुर्मीळताच त्याच्या सामर्थ्याला आवर घालील, असे खेळाच्या निर्मात्याचे मूळ गृहीतक होते. स्पर्धात्मक खेळाडूंनी ते कसे खोटे ठरवले आणि त्यातून नव्या संचांची रचना व नियम कसे बदलत गेले, याचा वेध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

निर्मिती आणि तिच्यामागील गृहीतक

खेळाचे निर्माते रिचर्ड गारफिल्ड हे गणिताचे अभ्यासक. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून त्यांनी १९९३ मध्ये कॉम्बिनेटोरिक्स या गणितशाखेत पीएच.डी. मिळवली आणि वॉशिंग्टन राज्यातील व्हिटमन महाविद्यालयात अध्यापन केले. 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या लहानशा कंपनीचे संस्थापक पीटर अ‍ॅडकिसन यांच्याशी त्यांची १९९१ मध्ये भेट झाली. अ‍ॅडकिसन यांना खर्चिक पटाचा खेळ नको होता. सहज नेता येईल आणि थोड्या वेळात संपेल असा खेळ हवा होता.

खेळाची मूळ चौकट साधी आहे. दोन खेळाडू, प्रत्येकी २० जीवनगुण, आरंभी हाती सात पत्ते. काही पत्ते 'भूमी'चे असतात. त्यांतून 'मॅना' नावाची शक्ती मिळते आणि ती खर्चून इतर पत्ते खेळता येतात. एका पाळीत एकच भूमी मांडता येत असल्याने शक्ती क्रमाक्रमाने वाढते. पांढरा, निळा, काळा, तांबडा आणि हिरवा अशा पाच रंगांत विभागलेल्या पत्त्यांचे गुणधर्म भिन्न आहेत. पत्त्यांवरील मजकुराचा अधिकार सर्वसाधारण नियमांहून मोठा, हे या खेळाचे खरे वैशिष्ट्य. प्रत्येक नवा पत्ता हा जणू एक छोटा नियमच असतो.

पहिल्या छपाईत सुमारे २६ लाख पत्ते होते आणि ते काही आठवड्यांतच संपले. ऑक्टोबर १९९३ मध्ये सुमारे ७३ लाख पत्त्यांची दुसरी छपाई बाजारात आली. पत्त्यांचे सामान्य, विरळ आणि दुर्मीळ असे तीन वर्ग होते. पहिल्या छपाईत एकेका दुर्मीळ पत्त्याच्या जेमतेम ११०० प्रती निघाल्या. गारफिल्ड यांची अपेक्षा अशी की ग्राहक एखादा आरंभसंच व काही पाकिटे घेईल, मित्रमंडळींत अदलाबदल करील, आणि एखादा अतिप्रबळ पत्ता त्या वर्तुळात एखाद्याकडेच असेल. फिलाडेल्फियातील मित्रांमध्ये, मोजक्या प्रतींवर घेतलेल्या चाचण्यांत हे गृहीतक खरेही ठरले होते. कोणता पत्ता किती दुर्मीळ आहे हे पत्त्यावर छापलेले नव्हते. ते शोधण्यातच एक मौज होती.

हे वर्गीकरण केवळ विक्रीची क्लृप्ती होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. बंदिस्त समूहात ते संतुलनाचे साधन म्हणून चालले होते. चूक झाली ती समूह बंदिस्तच राहील असे मानण्यात.

प्रतींची मर्यादा

मूळ नियमानुसार डेक किमान ४० पत्त्यांचा असे आणि एकाच पत्त्याच्या कितीही प्रती चालत. याचा बोलका पुरावा 'प्लेग रॅट्स' या सामान्य वर्गातील पत्त्यात सापडतो. या उंदरांचे बळ पटावरील अशाच उंदरांच्या संख्येइतके असते. ज्या डेकमध्ये ते दहा-वीस असतील तेथेच या पत्त्याला अर्थ आहे. अर्थात तो रचताना प्रतींवर मर्यादा येईल ही कल्पनाच नव्हती.

परंतु हीच मुभा 'ब्लॅक लोटस'सारख्या पत्त्याला लागू केली की खेळ उरत नाही. हा पत्ता विनामूल्य खेळता येतो आणि एकदाच तीन मॅना देतो. म्हणजे पहिल्याच पाळीत खेळाडू तीन भूमींच्या पुढे जातो. पैसा आणि चिकाटी असलेल्या खेळाडूंनी असे पत्ते जमवण्यास सुरुवात केली, तेव्हा दुर्मीळता हा अडथळा न राहता केवळ किंमत बनली.

कंपनीच्या स्पर्धा-विभागाने १९९४ मध्ये किमान ६० पत्ते आणि प्रत्येक पत्त्याच्या कमाल चार प्रती, असा नियम केला. मूलभूत भूमींना तेवढे वगळले. त्यामागील गणित लक्षणीय आहे. ४० पत्त्यांच्या डेकमध्ये एखाद्या पत्त्याच्या चार प्रती असल्यास पहिल्या सात पत्त्यांत त्यांपैकी एक तरी येण्याची शक्यता सुमारे ५५ टक्के असते. ६० पत्त्यांत ती ४० टक्क्यांवर येते. एकच प्रत असेल तर ती १२ टक्क्यांहून थोडी कमी. काही पत्त्यांना याच एका प्रतीपुरते मर्यादित करण्यात आले. 'पॉवर नाइन' या नावाने ओळखले जाणारे नऊ प्रबळ पत्ते त्यांत होते आणि ते सर्व दुर्मीळ वर्गातले होते. परंतु विरळ वर्गातील 'सोल रिंग'वरही १९९४ मध्येच मर्यादा आली. दुर्मीळता आणि सामर्थ्य यांची सांगड आरंभापासूनच पक्की नव्हती, असा याचा अर्थ.

'प्लेग रॅट्स' मात्र निरर्थक ठरले. पुढे २००४ मध्ये 'फिफ्थ डॉन' या संचात 'रिलेंटलेस रॅट्स' हा पत्ता आला. त्याच्यावर, डेकमध्ये याच्या कितीही प्रती चालतील, असे स्पष्ट छापावे लागले. जे १९९३ मध्ये सर्वांना मुक्त होते ते अकरा वर्षांनी एका पत्त्याला दिलेली सवलत म्हणून परत आले.

बाजारपेठ आणि दोन परस्परविरोधी निर्णय

डिसेंबर १९९३ मधील 'अरेबियन नाइट्स'पासून विस्तार-संचांची मालिका सुरू झाली. १९९४ मध्ये 'अँटिक्विटीज', 'लेजेंड्स', 'द डार्क' व 'फॉलन एम्पायर्स' असे चार संच निघाले. मागणीच्या मानाने माल कमी मिळतो हे अनुभवाने ठाऊक असल्याने दुकानदार गरजेपेक्षा मोठी मागणी नोंदवीत. 'फॉलन एम्पायर्स'च्या वेळी ही फुगवलेली मागणी कंपनीने पूर्ण केली आणि बाजारात मालाचा पूर आला.

नव्या खेळाडूपुढील अडचण वेगळी होती. जुने संच संपलेले, आणि स्पर्धेत मात्र त्यांतील पत्त्यांचेच वर्चस्व. यावर जानेवारी १९९५ मध्ये 'टाइप टू' ही स्पर्धापद्धती आणण्यात आली. तिच्यात अद्ययावत मूळ आवृत्ती आणि शेवटचे दोन विस्तार-संच एवढेच पत्ते चालत. पुढे तिलाच 'स्टँडर्ड' असे नाव मिळाले. जुन्या पत्त्यांच्या धन्यांना हा अन्याय वाटणे स्वाभाविक होते. परंतु या निर्णयाविना नव्या संचाची रचना करणे उत्तरोत्तर अशक्य झाले असते, कारण प्रत्येक नव्या पत्त्याची तुलना 'ब्लॅक लोटस'शी झाली असती. स्पर्धेची स्मृती नियमाने आखून देण्याचा हा निर्णय या इतिहासातील सर्वांत दूरगामी मानावा लागेल.

त्याच वर्षी जुलैमध्ये 'क्रॉनिकल्स' हा पुनर्मुद्रणांचा संच निघाला. जुने पत्ते नव्या खेळाडूंना उपलब्ध झाले, पण त्यांच्या किमती उतरल्या आणि संग्राहक संतापले. कंपनीने मार्च १९९६ मध्ये एक 'राखीव यादी' जाहीर केली : यादीतील पत्ते पुन्हा कधीही छापले जाणार नाहीत. एका निर्णयाने खेळाडूला जुन्या मालमत्तेच्या जाचातून सोडवले, तर दुसऱ्याने त्याच मालमत्तेला कायमची हमी दिली. दुर्मीळता पूर्वी छपाईच्या अपुरेपणाचा परिणाम होती. आता ती आश्वासन बनली.

स्वस्त पत्त्यांचे सामर्थ्य

याच काळात खेळाडूंनी डेक-रचनेचे शास्त्र घडवले. कॅलिफोर्नियातील ब्रायन वाइसमन यांचा 'द डेक' या साध्याच नावाने प्रसिद्ध झालेला डेक हे त्याचे पहिले ठळक उदाहरण. त्यामागील तत्त्व जमाखर्चाचे होते. प्रतिस्पर्ध्याचे दोन पत्ते आपल्या एका पत्त्याने निकामी झाले तर लांबलेल्या डावात विजय आपलाच. म्हणून प्रत्यक्ष प्रहारासाठी 'सेरा एंजल'च्या दोन प्रतीही त्यांना पुरेशा वाटल्या. हा डेक महाग होता.

१९९६ मध्ये अटलांटा येथील एका पात्रता-स्पर्धेत पॉल स्लाय या खेळाडूने खेळलेला डेक याच्या अगदी उलट होता. त्याची रचना जे श्नायडर यांची, पण नाव पडले ते खेळणाऱ्याचे. 'आयर्नक्लॉ ऑर्क्स'सारखे, संग्राहकाने बाजूला टाकावेत असे स्वस्त तांबडे पत्ते त्यात होते. प्रत्येक पाळीत उपलब्ध असेल तेवढी मॅना पूर्णपणे वापरली जावी अशा बेताने एक, दोन, तीन मॅनाच्या पत्त्यांची संख्या ठरवली होती. पत्त्याचे सामर्थ्य एकेकटे मोजता येत नाही, ते डेकमधील स्थानावर ठरते, हे या डेकने दाखवून दिले. वर्गवारीवर आधारलेल्या मूळ गृहीतकाला याहून मोठा धक्का बसला नसेल.

कंपनीनेही हळूहळू भूमिका बदलली. जून १९९८ मधील 'एक्सोडस' संचापासून पत्त्याचा वर्ग संचचिन्हाच्या रंगातून दिसू लागला. जे गुपित होते ते आता पत्त्यावरच आले.

संचरचनेतील दोन अपघात

ऑक्टोबर १९९८ मध्ये 'उर्झाज सागा' हा संच आला. त्यातील काही पत्ते खेळल्यावर वापरलेल्या भूमी पुन्हा ताज्या होत, म्हणजे खर्च परत मिळे. परंतु एखादी भूमी एकाहून अधिक मॅना देत असेल तर खर्चापेक्षा परतावाच मोठा होतो. 'टोलेरियन अकॅडमी' ही भूमी पटावरील यंत्रवस्तूंच्या संख्येइतकी मॅना देई. 'टाइम स्पायरल' सात नवे पत्ते देऊन सहा भूमी मोकळ्या करी. आपल्या एका दीर्घ पाळीतच डाव संपवणारे डेक निर्माण झाले आणि प्रतिस्पर्ध्याला केवळ बघत बसावे लागे. १ जानेवारी १९९९ पासून 'टोलेरियन अकॅडमी' व 'विंडफॉल' यांवर स्टँडर्डमध्ये बंदी आली. पाठोपाठच्या 'उर्झाज लेगसी' संचातील 'मेमरी जार'वर तर मार्चमध्ये तातडीने बंदी घालावी लागली. सुटा तपासला असता निरुपद्रवी वाटणारा पत्ता दुसऱ्याच्या सान्निध्यात घातक होतो, हा धडा रचनाकारांना भर स्पर्धेत मिळाला.

दुसरा अपघात 'मिरोडिन' (२००३) व 'डार्कस्टील' (२००४) या संचांचा. यंत्रवस्तूंची संख्या वाढेल तसा काही पत्त्यांचा खर्च घटत जाई, आणि त्याच संचांत स्वतःच यंत्रवस्तू असलेल्या भूमीही दिल्या होत्या. 'स्कलक्लॅम्प' या पत्त्याची कथा उद्बोधक आहे. ज्या प्राण्यावर तो चढवावा त्याचे आक्रमण एकाने वाढते व संरक्षण एकाने घटते. प्राणी मेल्यास दोन पत्ते मिळतात. संरक्षण घटवण्याचा बदल रचनेच्या अखेरच्या टप्प्यात झाला आणि त्याचा परिणाम लक्षात आला नाही. एक संरक्षण असलेला क्षुद्र प्राणी त्यामुळे लगेच मरे, आणि एका मॅनाच्या मोबदल्यात दोन पत्ते हाती येत. शिक्षा म्हणून योजलेली वजाबाकीच बक्षीस ठरली.

जून २००४ मध्ये 'स्कलक्लॅम्प'वर आणि मार्च २००५ मध्ये आणखी आठ पत्त्यांवर स्टँडर्डमध्ये बंदी आली. या नऊ पत्त्यांची वर्गवारी पाहण्यासारखी आहे. सहा यंत्रभूमी आणि 'डिसायपल ऑफ द व्हॉल्ट' हे सात सामान्य वर्गातील, 'स्कलक्लॅम्प' विरळ, 'आर्कबाउंड रॅव्हेजर' तेवढा दुर्मीळ. १९९४ च्या नऊ पत्त्यांशी तुलना केली तर चित्र जवळजवळ उलटे झालेले दिसते. मात्र एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. स्टँडर्डमधील संच कालांतराने आपोआप बाद होतात, त्यामुळे २००५ ची बंदी तात्पुरती जखम ठरली. राखीव यादीला अशी मुदत नाही. २००२ मध्ये तिच्यातून सामान्य व विरळ पत्ते काढण्यात आले, परंतु 'ब्लॅक लोटस' आणि त्याचे सोबती तेथेच राहिले. नोव्हेंबर २००२ मध्ये नव्हे, तर तब्बल वीस वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये खेळाच्या तिसाव्या वर्धापनाच्या निमित्ताने कंपनीने हे पत्ते पुन्हा छापले तेव्हा चार पाकिटांची किंमत ९९९ डॉलर ठेवली आणि त्यांची पाठ निराळी केली. अधिकृत स्पर्धेत ते चालत नाहीत.