अंगणवाडीतलं अंगण कुणाचं?

"लहान पोरं चिखलात खेळतात, रेघोट्या मारतात, टाळ्या वाजवून गाणी म्हणतात. त्यात शिकण्यासारखं काय आहे? त्यापेक्षा बाराखडी घोटून घ्या."

वस्तीत बालवाडीचा विषय काढला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोलणारे आपलेच लोक असतात. ज्यांना पाटीपर्यंत पोहोचायला पिढ्या लागल्या, त्यांना मातीची खेळणी म्हणजे वेळेचा अपव्यय वाटला तर नवल नाही. पण शहरातली पैसेवाली घरं याच मातीसाठी, याच रंगांसाठी आणि गाण्यांसाठी प्लेस्कूलची भली मोठी फी भरतात. त्यांच्या मुलांसाठी जे शिक्षण, ते आपल्या मुलांसाठी रिकामपण कसं? याचं उत्तर इतिहासात शोधावं लागेल.

भारतात बालशिक्षणाची चळवळ उभी राहिली ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. मॉन्टेसरीच्या विचारातून तिथे गोष्ट, गाणं, नाटक, चित्र आणि हातकाम हेच लहान मुलांचं शिक्षण मानलं गेलं. ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी होत्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. काम मोलाचं होतं, पण ते मुख्यतः शहरी, शिकलेल्या, वरच्या जातींच्या घरांपुरतं राहिलं. मॉन्टेसरीची साधनं महाग आणि ती वापरणारी मुलं सुखवस्तू. कोंडी फुटली ती १९४५ मध्ये, ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्यावर. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या.

तिथे एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. बालवाडी उघडली तरी अस्पृश्य आणि आदिवासी मुलं तिथपर्यंत येत नाहीत. आई-बाप मजुरीला जातात, मोठी बहीण धाकट्याला सांभाळते, भाऊ गुरं राखतो. मग ताराबाईंनी बालवाडीच वस्तीत नेली. झोपडीपुढच्या अंगणात मुलं जमवायची, आधी हातपाय धुवायचे, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. महाग साधनांऐवजी खडे, शिंपले, पानं, बिया आणि माती. 'अंगणवाडी' हा शब्द इथून आला. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर हेच काम आदिवासी पाड्यांत वाढलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली गेली, म्हणजे धाकट्याला घेऊन येणारी बहीणही शिकू शकेल.

बोर्डीचं वातावरण गांधीवादी होतं. आपल्या वस्तीला तेव्हा 'हरिजनवाडा' म्हटलं जायचं, तो शब्द आपण नाकारला आणि योग्यच केलं. पण नाव नाकारताना इतिहास सोडून द्यायचं कारण नाही. देशभर गेलेला अंगणवाडीचा विचार आपल्या आणि आदिवासींच्या अंगणात आकाराला आला. ती आपल्या मुलांवर केलेली मेहरबानी नव्हे. आपली मुलं येत नव्हती, म्हणूनच बालशिक्षणाला आपली पद्धत बदलावी लागली.

आता मातीकडे परत येऊ. जातिव्यवस्थेने हाताचं काम जन्माला बांधलं. कुंभाराच्या मुलाने चाक फिरवायचं, मांगाच्या मुलाने दोर वळायचा, चांभाराच्या मुलाने कातडं शिवायचं. तिथेही मूल हातानेच शिकत होतं, पण काय घडवायचं ते आधीच ठरलेलं होतं. बालवाडीत तीच माती मुलाच्या हातात आली की त्यातून बैल करायचा, घर करायचं की नुसता गोळा, हे मूल ठरवतं. सर्जनशील शिक्षण आणि जातीचा धंदा यांच्यातला फरक नेमका हा आहे.

हा फरक पुसला की काय होतं, ते मद्रास राज्याने दाखवून दिलं. १९५३ मध्ये राजगोपालाचारींच्या सरकारने ग्रामीण प्राथमिक शाळांची वेळ कमी केली. मुलांनी रोज तीन तास शाळेत बसावं आणि उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकावा, अशी ती योजना होती. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला 'कुलकल्वी', म्हणजे कुळाच्या धंद्याचं शिक्षण, म्हणून झोडपलं. १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती मागे घेतली गेली. म्हणून कुणी 'हाताने शिक्षण' म्हटलं की आपण एकच विचारायचं : काय घडवायचं ते ठरवणार कोण, मूल की त्याची जात?

बाबासाहेबांची भूमिका इथे आठवते. ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत असताना, १९४५ मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती झाली आणि खाणीत राबणाऱ्या स्त्रियांच्या मुलांसाठी पाळणाघरं बंधनकारक झाली. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कलमावर चर्चा झाली. ते फक्त प्राथमिक शिक्षणापुरतं ठेवा, अशी सूचना आली. बाबासाहेबांनी ती फेटाळली. त्यांचा युक्तिवाद सरळ होता : चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात ठेवायचं नाही असं आपण म्हणतो, तर त्या वयापर्यंत मूल कुठल्यातरी शिक्षणसंस्थेत असलंच पाहिजे. पुढे हेच कलम ४५ झालं. त्यात चौदा ही वरची मर्यादा होती, खालची मर्यादा घातलेली नव्हती.

ती घातली २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने. सहा ते चौदा वयाला शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला आणि सहा वर्षांखालचं मूल कलम ४५ मध्येच राहिलं, राज्य त्यासाठी 'प्रयत्न करील' एवढ्यावर. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही तीन ते सहा वयाची सोय सरकारच्या मर्जीवर सोडली आहे. ज्या वयात हात, जीभ आणि कल्पना घडतात, तेच वय हक्काबाहेर राहिलं. याची झळ कुणाला बसली? ज्यांना प्लेस्कूलची फी परवडत नाही त्यांना.

एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्या सहा सेवांमध्ये शाळापूर्व शिक्षण आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ आणि २००६ च्या आदेशांत अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना अंगणवाडीत प्राधान्य द्यायला सांगितलं. तरीही अनेक ठिकाणी अंगणवाडी म्हणजे खिचडी, वजनकाटा आणि रजिस्टर. दोष सेविकाताईंचा नाही. मानधनावर राबणाऱ्या बाईकडून आहार, लसीकरण, सर्व्हे आणि मोबाइलवरची माहिती हे सगळं करून घ्यायचं आणि वर गोष्टी सांगायला वेळ का नाही, असं तिलाच विचारायचं, हा अन्याय आहे.

आणि जिथे गाणी-गोष्टी होतात, तिथे त्या कुणाच्या? अनेक अंगणवाड्यांत गोकुळाष्टमीला मुलं कृष्ण होतात, पण ३ जानेवारीला कुणी सावित्रीबाई होत नाही. आपल्या आज्यांनी जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या गायल्या, भीमराव कर्डकांनी जलसे गावोगाव नेले. हा ठेवा आपल्याच वस्तीतल्या अंगणवाडीच्या दारापाशी थांबतो.

पण इथे आपल्यालाही सांभाळावं लागेल. मुलांना निळे फेटे बांधून, घोषणा पाठ करून घेऊन फोटो काढणं म्हणजे सर्जनशीलता नव्हे. पाठांतर त्यांचं असो की आपलं, ते पाठांतरच. बाबासाहेबांच्या लहानपणाची गोष्ट सांगा आणि मग मुलाला हवं ते चित्र काढू द्या. त्याने बाबासाहेबांना हिरवा कोट घातला तरी चालेल.

कार्यकर्त्यांनो, १४ एप्रिलच्या मिरवणुकीचा हिशोब आपण चोख ठेवतो. तसाच अंगणवाडीचाही विचारा. खेळाचं साहित्य आलं का? ते कुलूपबंद कपाटात आहे की मुलांच्या हातात? ग्रामसभेत, वॉर्डसभेत हा विषय मांडा. सेविकाताईंच्या मानधनाच्या लढ्यात त्यांच्यासोबत उभे राहा. आठवड्यातून एक दिवस वस्तीतल्या आजीला ओवी गायला बोलवा. विहाराचं दार संध्याकाळी मुलांसाठी उघडा, खडू आणि माती ठेवा. सहा वर्षांखालच्या मुलांच्या शिक्षणाला मूलभूत हक्काचा दर्जा मिळावा, ही मागणी आपल्या प्रत्येक निवेदनात असू द्या.

आपल्या पूर्वजांच्या हातात काय द्यायचं हे गावाने ठरवलं होतं. आपल्या मुलांच्या हातातल्या मातीचं काय करायचं, हे आता मुलांनाच ठरवू द्या.

जयभीम!