लोण्याची मेंढी

दचकून आजारी पडलेल्या माणसाचा चेहरा उतरला, झोप उडाली आणि औषधाला गुण येईना, की तिबेटी घरातली जुनी माणसं म्हणतात, याचा ‘ला’ गेला. ला म्हणजे देहात राहणारा, पण घाबरला तर बाहेर भटकणारा जीव. कधी एखादा दुष्टात्मा त्याला पळवूनही नेतो. मग लामाला बोलावून ‘ला-गुक’ करतात, म्हणजे हरवलेल्या ‘ला’ला साद घालतात.

या विधीत लोण्याची छोटी मेंढी करून भांड्यातल्या पाण्यावर तरंगवतात आणि पाणी ढवळतात. मेंढी रोग्याकडे तोंड करून थांबली, तर ला परतला असं समजायचं. मग तो पुन्हा निसटू नये म्हणून पिरोजाचा खडा रोग्याच्या गळ्यात बांधायचा.

पण मेंढीच का? चीनमधल्या दुनहुआंगच्या बंदिस्त गुहेत 1900 मध्ये सापडलेल्या जुन्या तिबेटी पोथ्यांत याचा माग लागतो. त्यांतल्या अंत्यविधींत मेंढी ही मृताची वाटाडी आहे, अवघड वाटेने त्याला परलोकी पोचवणारी. जाणाऱ्याला नेणारी हीच मेंढी पुढे हरवलेल्याला आणू लागली असावी.

8व्या शतकात राजाश्रयाने बौद्ध धर्म रुजला आणि पेच पडला. त्याच्या मते नित्य आत्मा नाहीच, मग बोलवायचं कुणाला? तोडगा असा निघाला की जन्मोजन्मी पुढे जातं ते विज्ञान, म्हणजे जाणिवेचा प्रवाह. ला फक्त या जन्मापुरता आयुष्याचा आधार. वैद्यांनीही त्याला जागा दिली. चांद्रमासात तो अंगभर फिरतो, पौर्णिमेला टाळूशी असतो. तो जिथे असेल तिथे रक्त काढू नये, हा नियम त्यातूनच आला.

ला देहाबाहेर झाडात, डोंगरात, तळ्यातही वसतो. गेसर राजाच्या महाकथेत शत्रू मारायचा तर आधी त्याचा ला जिथे आहे ते ठिकाण उद्ध्वस्त करावं लागतं. आपल्या गोष्टीतल्या राक्षसाचा प्राण पोपटात असतो, तसंच. ल्हासाच्या आग्नेयेचं ल्हामो लात्सो हे पाल्देन ल्हामो या रक्षक देवीचं ला-तळं. तेराव्या दलाई लामांनंतर राज्याचा कारभार पाहणारे रेटिंग रिन्पोछे 1935 मध्ये तिथे गेले. पाण्यात त्यांना अक्षरं, मठ आणि एक घर दिसलं, आणि त्या खुणांवरून चौदाव्यांचा शोध पुढे सरकला. ज्या ‘ला’ला धर्मानं या जन्मापुरतं मानलं, त्याच्याच तळ्याला पुढच्या जन्माचा पत्ता विचारला गेला.