दूरचे जवळ आणणारे अंतर्गोल भिंग

लाखनीहून साकोलीकडे जाताना महामार्ग सोडून थोडे आत शिरले की तलाव लागू लागतात. भंडारा जिल्हा तलावांसाठीच ओळखला जातो. यातले कित्येक तलाव मालगुजारीच्या काळातले. सरकारी कागदांत 'माजी मालगुजारी तलाव' आणि लोकांच्या तोंडी नुसते 'मामा तलाव'. हिवाळ्यात त्यांच्यावर पट्टकादंब उतरतात. हिमालय ओलांडून येणारे हे हंस. मंगोलियात संशोधकांनी काहींच्या गळ्यात अक्षरे-अंक लिहिलेले पट्टे घातलेले असतात आणि असे पक्षी विदर्भातल्या तलावांवर नोंदले गेले आहेत.

माझे एक शिक्षक मित्र लाखनीजवळच्या शाळेत विज्ञान शिकवतात. एका जानेवारीत त्यांच्या नववीच्या मुलांबरोबर मीही तलावाच्या पाळीवर बसलो होतो. थव्यातल्या एका पक्ष्याच्या गळ्यात पट्टा होता, पण दुर्बिणीतून त्यावरचे काही वाचता येईना. पुढे सरकावे तर थवा उडणार. सरांकडे ७० ते ३०० मिलिमीटरचे झूम भिंग होते आणि कोणाकडून तरी मागून आणलेला दुप्पट वर्धनाचा टेलिकन्व्हर्टर. कॅमेरा आणि भिंग यांच्यामध्ये बसणारी ही बोटभर लांबीची नळी. ती बसवताच कॅमेऱ्याने आपोआप फोकस करणे सोडून दिले. सरांनी हातानेच फोकस करून पंधरा-वीस छायाचित्रे घेतली. पक्षी खरोखरच दुप्पट मोठा आला. पण पट्ट्यावरचा शेवटचा अंक ३ की ८, यावर मुलांचे दोन तट पडले. एक मुलगी म्हणाली, "सर, मोठा तं झाला, मंग दिसत काहून नाही?"

या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर चारशे वर्षे मागे जावे लागते.

पुढे बहिर्गोल आणि मागे अंतर्गोल ही भिंगांची जोडी गॅलिलिओने १६०९ साली आकाशाकडे वळवली, हे आपण वर्गात सांगतोच. पण त्याच जोडीचा दुसरा उपयोग केपलरने १६११ च्या आपल्या 'डायॉप्ट्रिस' या ग्रंथात दाखवला. भिंगांमधले अंतर थोडे वाढवले तर डोळ्याऐवजी कागदावर प्रतिमा पडते, आणि ती एकट्या बहिर्गोल भिंगाच्या प्रतिमेपेक्षा मोठी असते. टेलिकन्व्हर्टरचे तत्त्व एवढेच आहे.

हे शाळेत करून पाहता येते. २० सेंटीमीटर नाभीय अंतराचे एक बहिर्गोल आणि तेवढ्याच नाभीय अंतराचे एक अंतर्गोल भिंग घ्या. खोली अंधारी करून खिडकीबाहेरच्या दूरच्या झाडाची प्रतिमा बहिर्गोल भिंगाने कागदावर घ्या. ती २० सेंटीमीटरवर मिळेल. (सूर्याकडे भिंग रोखू नये, हे मुलांना आधीच बजावावे.) आता बहिर्गोल भिंगापासून १० सेंटीमीटरवर अंतर्गोल भिंग धरा आणि कागद मागे ३० सेंटीमीटरवर न्या. झाड दुप्पट उंच झालेले दिसेल. एका भिंगाने एवढी प्रतिमा मिळवायला ४० सेंटीमीटर नाभीय अंतर लागले असते. इथे काम ३० मध्ये भागले.

अनेक मुले इथे अडतात, आणि त्यांनी अडावेच. अंतर्गोल भिंगाची प्रतिमा नेहमी आभासी, सुलटी आणि लहान असते, असे पुस्तकात पाठ केलेले असते. मग कागदावर ही वास्तव प्रतिमा आली कुठून? पुस्तकातले विधान खऱ्या वस्तूपुरते खरे आहे, कारण वस्तूपासून निघणारे किरण फाकत येतात. इथे अंतर्गोल भिंगावर पडणारे किरण आधीच एकत्र येण्याच्या वाटेवर आहेत. भिंग त्यांचे एकत्र येणे फक्त लांबवते.

प्रयोगातली दुसरी गोष्ट मात्र मुले स्वतःच सांगतात: झाड मोठे झाले, पण अंधूक झाले. तोच प्रकाश चौपट क्षेत्रफळावर पसरला. प्रत्येक जागेच्या वाट्याला पाव आला.

केपलरनंतर ही कल्पना बराच काळ कागदावरच राहिली. ती उपयोगाला आणली पीटर बार्लो यांनी. ते इंग्लंडमधील वूलिच येथील सैनिकी अकादमीत गणित शिकवत. त्यांचे अंतर्गोल भिंग जॉर्ज डॉलंड या भिंगकाराने बनवले आणि १८३४ मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्याचे वर्णन ठेवले. त्यामागची अडचण मोठी गमतीची होती. जोडताऱ्यांमधले अंतर मोजायला दुर्बिणीत बारीक तारा ताणलेल्या असत. नेत्रभिंग बदलून वर्धन वाढवले की ताऱ्यांबरोबर या मोजणीच्या ताराही जाड दिसत. अंतर्गोल भिंग त्यांच्या अलीकडे बसवल्यावर ताऱ्यांची प्रतिमा मोठी होई, मोजणीच्या तारा तेवढ्याच राहत. आजही हौशी आकाशनिरीक्षक 'बार्लो भिंग' वापरतात ते हेच.

कॅमेऱ्यात हे भिंग आले १८९१ च्या सुमारास. इंग्लंडमध्ये थॉमस डॉलमायर आणि जर्मनीत आडोल्फ मीथ यांनी स्वतंत्रपणे दूरछायाचित्रणाची भिंगे तयार केली. सुरुवातीच्या प्रकारात नेहमीच्या भिंगामागे अंतर्गोल भिंगाची नळी जोडत आणि दोन्हींमधले अंतर कमीजास्त करून प्रतिमा लहानमोठी करत. दर वेळी फोकस नव्याने करावा लागे, हे खरे. पण आज दुकानात वेगवेगळ्या विकल्या जाणाऱ्या टेलिफोटो, झूम आणि टेलिकन्व्हर्टर या तीन वस्तू तेव्हा एकाच नळीत होत्या. पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

त्याच दशकात महाराष्ट्राने दुसरा मार्गही पाहिला. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून ईशान्येकडे विदर्भात गेला. वर्ध्याजवळच्या पुलगावलाही निरीक्षकांचा तळ होता. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याचे प्रा. कावसजी नायगमवाला होते, तसेच कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही आले होते. कॅम्पबेल यांचा कॅमेरा ४० फूट, म्हणजे सुमारे १२ मीटर नाभीय अंतराचा होता. सूर्याची प्रतिमा जवळजवळ ११ सेंटीमीटर व्यासाची मिळे, आणि सूर्य सरकेल तशी काच यंत्राने सरकवावी लागे. अंतर्गोल भिंग घालून ही अवाढव्य लांबी आखडता आली असती. अर्धे जग ओलांडून दोन मिनिटांच्या खग्रासासाठी आलेल्या माणसाने वाटेत आणखी एक काच ठेवली नाही, याचे मला नवल वाटत नाही. प्रकाश पसरून अंधूक होतो तो लांब नळीतही. पण प्रत्येक नव्या काचेबरोबर तिचे स्वतःचे दोष येतात.

टेलिफोटो भिंगात पुढचा आणि मागचा भाग एकमेकांसाठी घडवलेले असतात. एकाचा दोष दुसरा सावरतो. टेलिकन्व्हर्टरला ती सोय नाही. एकभिंगी प्रतिक्षेपक कॅमेरे रुळल्यावर, १९६० नंतरच्या काळात, तो हौशी लोकांच्या हाती आला. एका नळीत एका भिंगाची दोन होत असल्याने त्याचे आकर्षण समजण्याजोगे होते. पण त्याच्यापुढे कोणते भिंग बसणार हे त्याला ठाऊक नसते. पुढचे भिंग जे देईल ते, गुणदोषांसह, तो मोठे करतो.

स्थिर छायाचित्रणाच्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यांसाठी पहिले झूम १९५९ मध्ये आले, फोक्टलेंडर कंपनीचे 'झूमार', ३६ ते ८२ मिलिमीटरचे. झूममध्ये भिंगांचे गट मागेपुढे सरकतात आणि प्रत्येक स्थितीत दोष आवरावे लागतात. ही तडजोडच असते. साध्या झूममध्ये ती तडजोड सर्वांत लांब टोकाला बहुधा उघडी पडते आणि तिथेच छिद्रही सर्वांत लहान असते. टेलिकन्व्हर्टर मात्र आपण नेमका त्याच टोकाला लावतो. काही झूम भिंगांची मागची काच इतकी मागे असते की तो बसतही नाही. निवडक भिंगांसाठीच जुळवून केलेले कन्व्हर्टर आज मिळतात ते यामुळेच.

आता त्या पट्ट्याचा हिशोब करू. अंकाची उंची दीड सेंटीमीटर आणि पक्षी १०० मीटरवर धरला, तर ३०० मिलिमीटरच्या भिंगाने अंकाची प्रतिमा ०.०४५ मिलिमीटरची पडते. पिक्सेल ०.००६ मिलिमीटरचा असेल तर साडेसात पिक्सेल, कन्व्हर्टरने पंधरा. पंधरा पिक्सेलमध्ये ३ आणि ८ वेगळे ओळखता यायला हवेत. मग प्रकाशानेच अडवले काय? भिंगाचे छिद्र एफ ५.६ होते, म्हणजे व्यास सुमारे ५४ मिलिमीटर. कन्व्हर्टर लावल्यावर आकडा एफ ११ झाला, तरी व्यास तोच राहिला. पुढून येणारा प्रकाश काही वाढला नाही. एवढ्या व्यासातून विवर्तनाच्या मर्यादेत १०० मीटरवरचे सव्वा मिलिमीटरचे तपशील सुटे दिसू शकतात. अंकाची रेघ त्याहून जाड असणार. तेव्हा निसर्गनियमाने नाही म्हटले नव्हते.

नाही म्हटले ते इतरांनी. प्रकाश चौथाई झाल्याने सेकंदाच्या हजाराव्या भागाऐवजी अडीचशेवा भाग उघडीप द्यावी लागली, आणि ६०० मिलिमीटरला हाताची थरथरही दुप्पट दिसते. झूमचे मूळचे धूसरपण दुप्पट झाले. आणि सकाळचे दहा वाजून गेले होते. पाण्यावरची तापलेली हवा हलत होती, तिला कोणतेच भिंग सावरू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पहाटे गेलो. पाळीवर तांदळाची लहान पिशवी ठेवून तिच्यावर भिंग टेकवले, झूम टोकापासून थोडे मागे घेतले आणि कन्व्हर्टर घरी ठेवला. पट्ट्याचा हंस या खेपेस गवताआड होता. पहिली दोन अक्षरे स्वच्छ आली. तिसरे काही केल्या समोर आले नाही, आणि ऊन चढताच थवा उठला. सरांनी शाळेच्या नोंदवहीत दोन अक्षरे लिहिली, तिसऱ्याची जागा मोकळी सोडली, आणि पुढे पाठवलेल्या नोंदीतही ती तशीच ठेवली. ८ म्हणणारी मुले अजून त्यांच्यावर नाराज आहेत.