श्राव्यातीत ध्वनीने जलशोषक जेलचे विघटन

माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या, २० किलोहर्ट्झच्या वरच्या ध्वनिकंपनांनी अतिशोषक बहुवारिकांच्या साखळ्या तोडण्याची प्रक्रिया. अशा बहुवारिकांपैकी सोडियम पॉलिअॅक्रिलेटचे साखरेएवढे कण शुद्ध पाण्यात स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी धरतात. वाटीभर पाण्यात चमचाभर टाकले तर पाणी नाहीसे होऊन पारदर्शक जेलचा चुरा उरतो. डायपरमध्ये हेच कण असतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने विकसित केलेले ‘जलशक्ती’ हे याच कुळातले, शेतीसाठीचे. जिवती तालुक्याच्या माणिकगड डोंगरपट्ट्यातल्या पावसावर विसंबलेल्या कपाशीला अशा जेलमुळे पाणी धरणारी माती किती मोलाची, हे वेगळे सांगायला नको. पण पाणी धरून टिकणाऱ्या जेलचा चिवटपणाच पुढे कचऱ्याचा प्रश्न होतो.

ध्वनिलहरींमुळे पाण्यात सूक्ष्म बुडबुडे वाढतात आणि क्षणात कोसळतात. भोवतालचे पाणी आत धावते, त्या ओढीत लांब साखळी ताणली जाऊन बहुधा मध्याजवळ तुटते. आखूड साखळ्यांवर ताण पुरेसा पडत नाही. म्हणून एका मर्यादेनंतर तुटणे थांबते. त्यामुळे हे पूर्ण विघटन नव्हे, आणि तसे म्हणणे दिशाभूल ठरेल. जेलच्या साखळ्या आडव्या बंधांनी जोडलेल्या असतात. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ते बंध आधी रासायनिक रीतीने सोडवले, मग ध्वनीने साखळ्या आखूड केल्या व त्यांपासून चिकटद्रव्य बनवले. बुडबुड्यांच्या या शक्तीवर मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत अनिरुद्ध पंडित व पराग गोगटे यांनी मोठे काम केले आहे. मोठ्या टाकीत ध्वनी सर्वत्र सारखा पोचत नाही, ही खरी अडचण.