बेट्सी स्टॉक्टन : ना बरोबरीची, ना नोकर

मिशनऱ्यांविषयी आपल्याकडे दोनच प्रकारचे लेखन होते. एकीकडे देवदूतांची चरित्रे, दुसरीकडे बाटवाबाटवीचे आरोप. परमुलखात गेलेला हा माणूस सकाळी उठून काय करीत होता, त्याची चूल कोण पेटवीत होते, त्याच्या आजारी बायकोची उस्तवार कोण करीत होते, हे दोन्हींत येत नाही. इतिहास शिकविताना मला हाच प्रश्न अधिक मोलाचा वाटत आला आहे. कारण आपली माणसे इतिहासात सापडतात ती बहुधा चुलीपाशी. म्हणून येथे अशा एका मिशनरी स्त्रीची हकीकत मांडतो, जी जन्माने गुलाम होती.

बेट्सी स्टॉक्टन १७९८ च्या सुमारास अमेरिकेत न्यू जर्सीतील प्रिन्स्टन येथे जन्मली. आई गुलाम, म्हणून लेकही गुलाम. पुढे बेट्सी मालकाच्या विवाहित मुलीच्या घरी दिली गेली. हे घर धर्मोपदेशक ॲशबेल ग्रीन यांचे; ते पुढे प्रिन्स्टनच्या कॉलेजचे अध्यक्ष झाले. त्यांच्या पुस्तकांच्या कपाटाशी राहून बेट्सीने शिक्षण मिळविले. मुक्त झाल्यावर तिने परदेशी मिशनमध्ये जायचे ठरविले आणि १८२२ साली अमेरिकन बोर्डाने तिला हवाई बेटांसाठी निवडले.

निघण्यापूर्वी एक लेखी करार झाला. चार्ल्स स्टुअर्ट या तरुण मिशनऱ्याच्या कुटुंबाबरोबर ती जाणार होती. तिला बरोबरीची समजायचे नाही आणि नोकरही समजायचे नाही, तर विनम्र ख्रिस्ती मैत्रीण समजायचे, असे त्यात ठरले. इतर मिशनऱ्यांपेक्षा जास्त हलकी कामे तिच्यावर लादायची नाहीत, नाहीतर शिकविण्याचे मुख्य काम राहून जाईल, असेही त्यात होते.

या कराराचे काय करायचे? त्याला उदारपणा म्हणून मोकळे होता येत नाही आणि नुसते ढोंग म्हणूनही टाकता येत नाही. माझी आई ज्या घरी भांडी घाशी, तेथे तिला ‘तू आमच्या घरचीच’ असे म्हणत. तिचा कप मात्र मोरीच्या फळीवर वेगळा असे. बेट्सीच्या बाबतीत ‘बरोबरीची नाही’ हे निदान शाईने लिहिले होते, आणि त्याच शाईने तिची शिक्षिका म्हणून जागाही राखली होती. गुलामगिरी कायदेशीर असलेल्या देशात एका काळ्या स्त्रीला एवढे मिळणे लहानसहान नव्हते.

नोव्हेंबर १८२२ मध्ये ‘थेम्स’ जहाज न्यू हेवनहून निघाले. प्रवास पाच महिन्यांचा. बेट्सी रोजनिशी लिहीत होती. तिचा काही भाग पुढे ग्रीन यांनी आपल्या मासिकात छापला. बेटे दिसण्यापूर्वी थोडे दिवस स्टुअर्टबाई जहाजावरच बाळंत झाल्या. ते मूल सांभाळणे बेट्सीकडे आले. एप्रिल १८२३ मध्ये होनोलुलू आले, आणि पुढच्याच महिन्यात ही मंडळी माउई बेटावरील लहैना येथे गवती घरांत राहू लागली.

ज्या समाजात ती गेली तोही उतरंडीचाच होता. वर सरदार, त्यांना ‘अलिई’ म्हणत. खाली रयत, ती ‘मकाआइनाना’. त्याहून खाली ‘कउवा’ हा बहिष्कृत वर्ग होता. ‘कापू’ म्हणजे विटाळाचे नियम. बाईने पुरुषाच्या पंगतीला जेवायचे नाही; बड्या सरदाराच्या घरावर सामान्य माणसाची सावली पडली तर देहान्त. पेशवाई ज्यांच्या आठवणीत आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. १८१९ साली राजाने राजस्त्रियांबरोबर बसून जेवण केले आणि हे नियम मोडले. मिशनरी आले १८२० मध्ये. म्हणजे ती बेडी मिशनऱ्यांनी तोडली नाही, तेथल्याच माणसांनी तोडली. हे विसरून हवाईचा ‘उद्धार’ सांगणाऱ्या कथांवर माझा विश्वास नाही.

अक्षरे मात्र प्रथम सरदारांच्या अंगणातच थांबली. राजा आणि सरदार अनुकूल तर सारे अनुकूल, असा मिशनचा हिशेब होता. आपल्याकडेही विद्या वरून खाली झिरपेल असे सांगितले गेले, आणि ती किती झिरपली हे जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडलेच आहे. लहैनाला रयतेसाठी पहिली शाळा सुरू केली ती बेट्सीने. सुरुवातीला तिच्याकडे चार इंग्रजी आणि सहा हवाईयन विद्यार्थी होते. घरची कामे सांभाळून एवढेच झेपते, असे तिने नोंदविले आहे. करारातले कलम आणि प्रत्यक्षातला दिवस यांतले अंतर या नोंदीत दिसते. दिवसभर दुसऱ्याचे मूल कडेवर, आणि उरलेल्या वेळात शाळा!

१८२५ मध्ये स्टुअर्टबाई फार आजारी पडल्या. कुटुंब मायदेशी निघाले, आणि बेट्सीलाही निघावे लागले. तिची शाळा चालली होती. आजारी ती नव्हती.

पुढे १८२७ साली याच बोर्डाने सिंथिया फरार यांना मुंबईला पाठविले. अहमदनगरला त्यांच्या मुलींच्या शाळा जोतीरावांनी पाहिल्या होत्या, म्हणून फरारबाई आपल्या परिचयाच्या. परदेशी गेलेली पहिली अविवाहित अमेरिकन मिशनरी स्त्री म्हणून अनेक ठिकाणी त्यांचेच नाव येते. फरारबाईंच्या चौतीस वर्षांच्या कामाचे ऋण मी मानतो. पण बेट्सी त्यांच्याआधी जवळजवळ पाच वर्षे निघाली होती, आणि तीही अविवाहित होती. मग मोजताना ती कोठे गेली? ‘नोकर नाही’ हे कलम घराच्या दाराशी कसेबसे टिकले असेल, इतिहासाच्या दाराशी टिकले नाही.

अमेरिकेत परतल्यावर तिने फिलाडेल्फियात काळ्या मुलांची बालशाळा चालविली. १८३० साली स्टुअर्टबाई वारल्या, तेव्हा त्यांची मुले तिनेच सांभाळली. नंतर जेथे गुलाम म्हणून जन्मली त्या प्रिन्स्टनला येऊन तिने काळ्या मुलांना अनेक वर्षे शिकविले. गुलामगिरी रद्द करणारी घटनादुरुस्ती डिसेंबर १८६५ मध्ये मंजूर झाली. बेट्सी त्याच वर्षी ऑक्टोबरात वारली. आणखी आठ वर्षांनी जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली.

तिला पुरले ते कूपरस्टाउनला, स्टुअर्ट कुटुंबाच्या जागेत.