तळटीप : गायतोंडे यांचा रोलर

* ‘गायतोंड्यांच्या चित्रासारखी भिंत’ : लेखकाने ही उपमा नाणेघाटातल्या (ता. जुन्नर) लेण्याच्या भिंतीला दिली आहे, नागनिका राणीचा ब्राह्मी लेख तिथेच आहे. उपमा देखणी, पण एका बाबतीत फसवी. ती भिंत काळाने झिजवली. चित्रातली झीज चित्रकाराने मोजूनमापून घडवलेली असते.

वासुदेव संतू गायतोंडे (१९२४–२००१) जन्माने नागपूरचे, घराण्याने गोव्याचे, शिक्षणाने मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. म्हणून त्यांना सरसकट अमेरिकी अमूर्त अभिव्यक्तिवाद्यांच्या पंगतीत बसवले जाते, ते मात्र घाईचे वाटते. जॅक्सन पोलॉक जमिनीवर अंथरलेल्या कॅनव्हासवर रंग ओतत, शिंपडत असे; भावनेचा आवेग त्या हालचालीतच उमटे. गायतोंडे यांनीही कुंचला बराचसा बाजूला सारून रोलर आणि पॅलेट नाइफ हाती घेतले, पण आवेगाला वाव दिला नाही. रंगाचे पातळ थर चढवायचे, ओल्या थरावर फाडलेल्या कागदाचे तुकडे ठेवून रोलर फिरवायचा, कागद अलगद उचलायचा, कुठे रंग खरवडायचा. खालचा थर मग अनोळखी लिपीसारखा वर येई. (झेन विचाराची त्यांची ओढ इथे आठवावी.) वर्षाकाठी चित्रे मोजकीच होत. १९८४ मध्ये त्यांना अपघात झाला, त्यानंतर मोठे कॅनव्हास काही वर्षे थांबले. त्या काळात त्यांनी कागदावर शाईची रेखाटने केली. – संपा.